फोटूआप्पांच्या काचपेटीतला मी

फोटूआप्पा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी त्याचे हात बघत. तंबाखूचा व्यापारी आला की त्याच्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू ठेवून म्हणत, "सांगा बघू, माल कसा हाय?" तो माणूस चिमूट नाकाशी नेई, डोळे बारीक करी, आणि आप्पांचं डोकं तेवढ्यात काळ्या कापडाआड गेलेलं असे. बेळगावात अनगोळच्या वाटेवर त्यांचं फोटोचं दुकान होतं. मागच्या खोलीला काचेचं छप्पर आणि त्याखाली ताणलेलं पांढरं कापड. "ऊन थेट पडलं की गड्याचं डोळं मिटतात," ते म्हणत, "आन डोळं मिटलेला फोटू पुढं लागतोच की, आत्ता कशाला काढायचा?"

मी त्यांच्याकडे प्रथम गेलो तो लग्नासाठी. शाळेत नुकताच कायम झालो होतो, वय सव्वीस, अंगकाठी छत्रीच्या काडीसारखी, आणि कान देवानं सढळ हातानं दिलेले. दोन ठिकाणांहून नकार आले होते. तिसरं स्थळ निपाणीचं. मुलगी मराठी सहावी शिकलेली आणि तिनं घरात सांगितलं होतं की आधी फोटो बघेन, मगच बाकीचं. हे स्थळ गेलं तर आई पुन्हा माझी पत्रिका कुणापुढे धरणार नव्हती. तसं तिनं स्पष्ट बजावलं होतं.

म्हणून मी तयारीनिशी गेलो. मामांचा कोट, जिच्या टोकाला घड्याळ नव्हतं अशी घड्याळाची साखळी, आणि काखेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. ते मी आजतागायत वाचलेलं नाही. खुर्चीत बसलो, छाती काढली आणि हनवटी वर केली.

"मास्तर, आभाळात काय पेरलंय व्हय?" आप्पांनी विचारलं. "हनवटी जरा खाली घ्या."

मी घेतली नाही. हनवटी खाली घेतली की कान पुढे येतात, हे मी घरच्या आरशात पाहून ठेवलं होतं.

"बाप्या माणूस कॅमेऱ्यापुढं आला की श्वास आत घेतो आन माणूस बाहेर ठेवतो," आप्पा पुटपुटले. "सुम्न कूड्री, गप बसा जरा." पण मी ठाम होतो. शेवटी त्यांनी माझ्या मनासारखा फोटो काढला. मी सुटलो, कोट काढला, कॉलर सैल केली. आप्पांनी सहज विचारलं की त्यांच्या पुतण्याला भागाकार काही केल्या येत नाही, काय करावं? मी मास्तरच तो. दहा मिनिटं बोटं पुढे करून हातचे, बाकी, सगळं समजावलं आणि "आलं का लक्षात?" म्हणून थांबलो. आप्पांनी कॅमेऱ्याशी उभ्या उभ्याच मान डोलावली, आभार मानले, मी घरी आलो.

कोटातला फोटो निपाणीला गेला आणि आठ दिवसांत परत आला. पत्रात लिहिलं होतं, मुलगा करारी दिसतो, मुलगी बिचकली आहे.

मी तणतणत दुकानात गेलो. आप्पांनी शांतपणे पत्र वाचलं. "तुमी बसलासा तसं आलं. त्यात कॅमेऱ्याची काय चूक?" मग त्यांनी कपाटातून दुसरा फोटो काढून पुढे ठेवला. त्यात मी उघड्या कॉलरचा, पाच बोटं पुढे केलेला, कान दोन्हीकडे पसरलेला, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत होतो.

"बोलून संपलं की माणूस उत्तराची वाट बघतो," आप्पा म्हणाले. "तवा तो हलत न्हाय आन सोंगबी करत न्हाय. गड्याचा फोटू तेवढ्यातच घ्यायचा."

"हा पाठवला तर आहे ती अब्रूही जाईल."

"गेली तर मी आणून दीन. पाठवा."

दुसरं काही हातात नव्हतं, म्हणून पाठवला. होकार आला. लग्नानंतर मी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "पहिल्या फोटोत तुम्ही माझी कॉपी पकडायला आलात असं वाटलं. दुसऱ्यात वाटलं, हा माणूस मला दोनदा विचारू देईल." तिनं पुढे दोनदा नव्हे, दोनशेदा विचारलं, ही गोष्ट वेगळी.

परत आलेला कोटातला फोटो मात्र आप्पांनी ठेवून घेतला आणि दारातल्या काचपेटीत लावला. कुणी छाती काढून बसला की त्याला दारात नेऊन दाखवत, "असं बसू नगा." माझे विद्यार्थी जाता-येता त्या फोटोला नमस्कार करत. दर दिवाळीला मी तो काढायची विनवणी केली. आप्पा "काढतो की" म्हणत, फोटो काढत, पुसत आणि परत लावत.

एका मार्गशीर्षात दोन दिवसांच्या तापानं आप्पा गेले. महिनाभरानं मी दुकानात गेलो. आक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, भेटायला गेलो असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण काचपेटीतला फोटो होता. हे लिहिताना लाज वाटते. फोटोच्या काचेच्या प्लेटा धुणं, छापणं आक्काच करत आल्या होत्या, आता कॅमेराही त्यांनीच हाती घेतला होता. आत बेळगुंदीचा एक शेतकरी बसला होता. नवं उपरणं, छाती फुगलेली, हनवटी आढ्याला.

आक्का दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, "मघापासनं असाच बसलाय. मी बाईमाणूस, गड्याला काय सांगू?"

मी काचपेटी उघडली, माझा फोटो काढला आणि आत जाऊन त्याच्यापुढे धरला. "पाव्हणं, असं बसू नका."

त्यानं फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उपरण्यात तोंड घालून हसला. मी विचारलं, "यंदा रताळी केवढाली झालीत?"

"ही एवढी," त्यानं दोन्ही हात पुढे केले. "तुमच्याकडं न्हाय मिळायची. मिळत्यात काय, सांगा?" आणि उत्तरासाठी थांबला. आक्कांनी भिंगावरचं झाकण काढलं. त्या क्षणी मला आप्पांची फार आठवण झाली.

शेतकरी गेल्यावर आक्का म्हणाल्या, "तुमी फोटू न्यायला आलतासा न्हवं? न्या की."

मी तो धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत काचपेटीत लावला. "राहू द्या आक्का," म्हटलं, "अजून लई बाप्ये यायचेत."