तीन बोटांची दुमड

आधी टेलरबाईंचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. आरमोरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात शाळेचे सगळे गणवेश त्याच शिवत. पोर दारात उभं राहिलं की टेप उचलायच्या आधी त्या त्याच्या पायांकडे बघत. "चप्पल तोकडी झाली ना? आता पँट तोकडी होईन. सदरा सगळ्याच्या मागून. वाढ पायातून चढते बापा." आणि तसंच व्हायचं.

तान्ह्या लेकराचं झबलं मात्र त्या माप घेऊन शिवत नसत. "शिवेपर्यंत लेकरू पुढं निघून जाते. पहिल्या सालात धावते, मंग दम खाते." शाळेतल्या, म्हणजे दम खाणाऱ्या वयाच्या पोरींच्या फ्रॉकला त्या खाली तीन बोटं कापड दुमडून ठेवत. जून आला की ती दुमड उसवायची. वर्षाची वाढ तेवढीच. पुढे अकरा-बारा वर्षांची पोरगी एकदम उंचीने सुटली की दुमड पुरत नसे, नवंच शिवावं लागे.

सातवीत माझ्या मैत्रिणी अशा सुटल्या. मी तेराची झाले तरी मला दुमड पुरत होती. प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढे मी. "बुटके, बाकावर चढून बोल," म्हणून पोरं हसत. मायनं बाजारातून उंची वाढवायची पुडी आणली. ती खाऊन मी आठ दिवस ओकत होते. मग तिनं शाळाच बंद केली. "लोकं हसून राह्यले. घरीच राह्य." आपल्यातच काही खोट आहे, असं मलाही वाटायला लागलं.

मी मापाला आले नाही म्हणून टेलरबाई स्वतःच घरी आल्या. काखेत वाळवी लागलेली वही. मापाची एकही वही त्यांनी कधी फेकली नव्हती.

"सुमन, हे माप कोणाचं होय?"

माय त्याच शाळेत शिकलेली. तिनं पान पाहिलं. "माझंच जी."

"तेराव्याले दुमड तीन बोटं. चौदाव्याले तीनच. अन् पंधराव्याले?" पंधराव्याचा आकडा दोनदा खोडून नवा लिहिला होता. "एका सालात दोनदा शिवून देल्लं तुले. विसरली? भोपळा दोन महिन्यात येते, मोहाच्या झाडाले दहा सालं लागते. म्हणून मोहाले पुडी चारशील काय?"

बाईंनी माझं माप घेतलं. गेल्या जूनपेक्षा तीन बोटं जास्त. "तीन आहेत तोवर भ्याचं नाई. ज्या साली दुमड उसवाचं कामच पडलं नाई, त्या साली माझ्याकडे नको येऊ, दवाखान्यात पळ." तरी दुसऱ्या दिवशी त्याच आम्हाला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं, पोरगी मायसारखी उशिरा वाढेल.

पंधराव्या वर्षी मी वाढले. तोवर शाळेची दोन वर्षं बुडालेली. परत गेले नाही, लहान पोरींसोबत बसायची लाज वाटली. बाई चिडल्या. "मी तुले उंचीसाठी थांब म्हटलं होतं, शाळा सोड नाई!" ते बोलणं अजून टोचतं.

लग्न होऊन पुण्याकडे निघाले तेव्हा त्यांनी आपला जुना टेप माझ्या पिशवीत टाकला.

आता कंपनीत दहा तास उभी असते. घरी येते तेव्हा पाय भरून आलेले असतात. माझी पोरगी बारा वर्षांची, वर्गात सगळ्यात लहान. शेजारीण पावडरचा डबा दाखवते, "देऊन तर बघ." थकलेल्या जिवाला तेही सोपं वाटतं. परवा पोरीला दाराच्या चौकटीशी उभं केलं, गेल्या जूनच्या रेघेवर बोटं ठेवली आणि टेलरबाईंना फोन लावला.

"किती?"

"तीन, बाई."

"मंग काऊन रडून राह्यली? पोरीले जेवाले दे. अन् तूबी जेव."

मोतीबिंदूमुळे त्यांना आता वह्या वाचता येत नाहीत, आणि वाळवी काही थांबत नाही. दिवाळीत मला सुट्टी मिळाली नाही. मिळेल तेव्हा जाईन. त्यांच्या मशीनशेजारी बसून एकेक पान नव्या वहीत मोठ्या अक्षरात उतरवीन. आकडे लिहायला माझी सातवी पुरेल. उद्या एखादी माय रडत त्यांच्या दारात आली, तर तिचं पान सापडायला पाहिजे.