शेवटची दोन विमानं

आमचे हे युद्धात होते म्हटलं की लोक विचारतात, किती विमानं पाडली? एकही नाही. हे पोचवायचे. कारखान्यातून निघालेलं कोरं विमान उडवत न्यायचं, समुद्रापलीकडच्या तळावर लढणाऱ्यांच्या हवाली करायचं आणि बोटीत बसून हात हलवत परत यायचं. विमानातल्या बंदुका कागदात गुंडाळलेल्या, गोळी एक नाही. शत्रू समोर आलाच तर दाजींनी चप्पल भिरकावायची, असं माझा धाकटा भाऊ म्हणायचा.

हाच भाऊ पुढे विमान शिकून हवाई दलात भरती व्हायला निघाला, तेव्हा आईनं अन्न सोडलं. तोड ह्यांनीच काढली. "आई, त्याला माझ्याबरोबर घेतो. विमान तेच, पण गोळ्या खायच्या नाहीत." आईनं मान डोलावली. समुद्र तिनं कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्याची भीतीही वाटली नाही.

बिल्ले नसलेल्या खाकी कोटांमुळे गल्लीतले लोक दोघांना हमाल म्हणत. भाऊ उलट सुनवायचा, "हमाल तर हमाल, पण तुमच्या डोक्यावरून जातो!"

युद्ध संपलं. ह्यांनी बूट खाटेखाली ढकलले आणि दोन दिवस नुसते झोपले. त्याच आठवड्यात कारखान्याचा मॅनेजर दारात हजर. दोन विमानं पोचवायची राहिली होती.

"युद्ध संपलं ना, साहेब?"

"ऑर्डर संपलेली नाही. विमान मिळाल्याची तळावरची सही आल्याशिवाय आमचं बिल निघत नाही."

नाही म्हणावं तर नोकरी जाणार, आणि आता वैमानिकांना विचारतो कोण! दोघे निघाले.

अर्ध्या समुद्रावर भावाच्या इंजिनातून काळा धूर निघाला. ह्यांच्या डोळ्यांदेखत विमान खाली गेलं. पेट्रोल परवडेल तोवर ह्यांनी घिरट्या घातल्या. पाण्यावर तेलाचा तवंग तेवढा दिसला.

तळावरच्या अधिकाऱ्यानं विमानाकडे न बघताच सही केली. दुपारी ते मैदानाच्या कडेला ओढत नेलं. तिथे ह्यांनीच आधी आणलेल्या विमानांवर कुऱ्हाडी चालल्या होत्या. परत नेण्यापेक्षा इथंच मोडा, असा वरून हुकूम होता.

"मग हे मागवलंत कशाला?" ह्यांनी विचारलं.

"आम्ही कुठे मागवलं? तुम्ही आणलंत."

परत आल्यावर ह्यांनी मला सगळं सांगितलं. आईकडे जाताना वाटेत मी ह्यांना बजावलं, "तुमचं विमान उपयोगी पडलं म्हणून सांगा. एवढं खोटं देवालाही चालेल."

आई भिंतीला टेकून बसली होती. रडून डोळे कोरडे पडले होते. म्हणाली, "जावईबापू, तुमचं तरी पोचलं ना? पडलं ना कुणाच्या उपयोगी?"

ह्यांनी सगळं सांगितलं, कुऱ्हाडींसकट. ह्यांच्या तोंडावर हात ठेवावा असं मला झालं. त्या क्षणी मला ह्यांचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

आई म्हणाली, "म्हणजे माझं पोर भंगार पोचवायला गेलं होतं."

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही, आई. शपथ."

"त्या सहीवाल्या साहेबाला?"

"त्याला वरून हुकूम होता."

"मग मी शिव्या कुणाला घालू," आई म्हणाली, "तेवढं तरी सांगा."