घाट्याची झडती

पासष्टचं युद्ध संपून काही महिने झाले होते. कॉलेजात वादविवाद स्पर्धेचा विषय लागला होता: पोलिसांना वॉरंटशिवाय घरात शिरता यावं की नाही. चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या आणि मला 'यावं' ही बाजू आली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. कुठलीही बाजू आली असती तरी मी ती तितक्याच मन लावून पाठ केली असती.

रविवारी म्हसावदजवळच्या आमच्या गावी निघालो, तो भाषण म्हणतच. शहाद्याच्या स्टँडवर ओठ हलवत उभा होतो, तर शेजारच्या केळीवाल्याला वाटलं मी जप करतोय. त्याने आदराने सरकून मला बसायला जागा दिली.

संध्याकाळी वडिलांना आणि मायला भाषण म्हणून दाखवलं. त्यातलं एक वाक्य माझं फार लाडकं होतं: 'ज्याच्या घरात काही नाही, त्याने झडतीला भ्यावं कशाला?' वडिलांनी मान डोलावली. माय भिजवलेल्या ज्वारीत हात घालून दाणा दाबून पाहत होती. ज्वारी आंबली, सकाळी घाटा घालायचा, एवढंच ती म्हणाली.

बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून आंबवायची, मग वाटून, तीळ-मिरची-लसूण घालून तिचा दाट घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचा. हे एका बाईचं काम नव्हे, म्हणून गल्लीतल्या बायका पाळी लावत. एकेक दिवस एकेका घरचे बिबडे. सोमवारी आमची पाळी होती. बहिणीचं लग्न ठरलेलं होतं आणि तिने सासरी न्यायचे बिबडे त्याच पातेल्यातून होणार होते. ते बिघडलं असतं, तर पुन्हा पाळी यायच्या आत ती सासरी गेली असती.

सकाळी अंगणात खाटांवर ओली धोतरं पसरून काकू-मावश्या तयार बसल्या होत्या. चुलीवर घाटा रटरटत होता. वडील शेतात गेले होते. एवढ्यात दारात एक हवालदार आणि एक शिपाई उभे राहिले. ज्वारीचं आंबलेलं, फेसाळ पाणी मायने सकाळीच गटारात ओतलं होतं. त्या वासामागोमाग ते गटाराच्या काठाने थेट आमच्या दारी आले होते. दारूबंदीचे दिवस, आणि हवालदार कोकणातला. त्याने बिबडे जन्मात पाहिले नव्हते. ही हातभट्टीची तयारी आहे, पातेलं रस्त्यावर ओतावं लागेल, असं त्याने सांगितलं.

मी पुढे झालो. साहेब, वॉरंट आहे का, असं विचारलं. तो म्हणाला, या कामाला लागत नाही, संशय पुरतो. ते बरोबरच होतं. माझ्या भाषणातला दुसरा मुद्दा तोच होता. माझ्याजवळचे सगळेच मुद्दे त्याच्या बाजूचे होते.

मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुमच्या घरात काही नाही ना? मग भिता कशाला?"

मायने माझ्याकडे पाहिलं. हात मात्र थांबवला नाही. थांबवला असता तर घाटा खाली लागला असता. ढवळता ढवळताच ती हवालदाराला म्हणाली, "काही नई कसं, भाऊ? मन्हं घर शे ना. पाय धुईसन या."

हवालदाराने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. ते चुलीपासून हातभर अंतरावर होते. अंगणातून सगळ्या बायका बघत होत्या. तो मागे सरला, बूट काढले, मोरीवर पाय धुतले. शिपायानेही धुतले. तोवर मायने वाटीत घाटा वाढून वर तेल सोडलं होतं.

"खाई देखा," ती म्हणाली, "मंग वता रस्तावर."

पहिल्या घासाला तो सावध होता. दुसऱ्या घासानंतर त्याने तेल मागितलं. वाटी पुन्हा भरली गेली. आपली आई तांदळाचे पापड करते, असं तो शिपायाला सांगू लागला. पातेलं ओतायचं कुणी काढलं नाही. निघताना शेजारच्या काकूंनी त्याला ऐकवलं की उद्या त्यांची पाळी आहे, येताना वाटी घेऊन यावं. तोही हसला.

दिवसभर बिबडे थापताना बायका त्याच्या बुटांवरून हसत होत्या. माय तेवढी हसली नाही. हात धुताना मला म्हणाली, "भला माणूस व्हता म्हनीसन बचनूत, बेटा. दुसरा ऱ्हाता ते?" दुसरा हवालदार असता तर, हा तिचा प्रश्न मी कॉलेजात बरोबर घेऊन गेलो.

स्पर्धेत सुरुवात बरी झाली. पहिले मुद्दे न अडखळता म्हटले. मग ते लाडकं वाक्य आलं. 'ज्याच्या घरात काही नाही,' इथवर बोललो आणि पुढचं तोंडातून निघेना. समोर प्राध्यापक, मागे माझा जोडीदार. शेवटी म्हणालो, "असं घर मी पाहिलेलं नाही." आणि खाली बसलो.

जोडीदार आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. पुढच्या रविवारी घरी गेलो तेव्हा वाळलेले बिबडे डब्यात रचणं चाललं होतं. कोण जिंकलं, असं मायने विचारलं. मी म्हटलं, समोरचे.

"बरं जायं," समोरचे जिंकले ते बरंच झालं अशा सुरात ती म्हणाली आणि एक बिबडा निखाऱ्यावर भाजून माझ्या हातात दिला.