थोरलीच्या लोलकाची गाठ

हेस्टर एंडाकॉट गेल्यापासून गावात जो तो तिच्याबद्दल गोड बोलतो, आणि ते ऐकलं की मला मळमळतं. "देवमाणूस होती हो," असं क्लाइव्ह लस्कम परवाच म्हणाला. चहात बुडवलेलं बिस्कीट अर्धं तोंडात, अर्धं मिशीत. शी! देवमाणूस म्हणे. जिवंत होती तेव्हा काय केलंस रे तिचं? आणि तू तरी काय केलंस, ग्लेनिस? हे शेवटचं मी माझं मलाच विचारते, कारण या घाणीत माझाही हात आहे, चांगला कोपरापर्यंत.

हेस्टरबाईंनी गावाखालच्या लोकरीच्या गिरणीत पस्तीस वर्षं माग चालवले. त्या मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान खाल्ले. साठीला आल्या तेव्हा डावा कान पार गेलेला आणि उजवा नावापुरता. पण गिरणीतल्या सगळ्या बायकांसारखं त्यांनाही ओठांवरून बोलणं कळायचं. एकदा पाद्रीबुवांनी प्रवचनाचे कागद खाली पाडले आणि पुटपुटत एक सणसणीत शिवी हासडली. भरलेल्या चर्चमध्ये ती कळली फक्त बहिऱ्या हेस्टरबाईंना. हसून हसून त्यांची टोपी पडली.

आमच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा. जुने वाजवणारे एकेक करत खालच्या दफनभूमीत गेले आणि शेवटी हेस्टरबाई एकट्या उरल्या. दोन वर्षं मनोरा मुका होता. मग त्यांनी दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली : 'घंटा वाजवायला शिकायचंय? बुधवारी साडेसहा. काही येत नसलं तरी या. पायऱ्या चढता आल्या म्हणजे झालं.' आम्ही पाच जण गेलो. विमा विकणारा क्लाइव्ह, टॅपस्कॉट बहिणी, पोस्टमन रेजी आणि मी. मी तेव्हा खालच्या पबमध्ये स्वयंपाकाला होते. आमच्यापैकी एकालाही ओ की ठो येत नव्हतं, त्यामुळे कुणाला कुणाची लाजही नव्हती.

काय दिवस होते ते! दोराचं एक टोक आमच्या हातात, दुसरं त्यांच्या. "दोराशी भांडू नका रे पोरांनो," त्या ओरडायच्या. "वर बसलीय ती बाराशे पौंड वजनाची आहे. तुम्ही जिंकणार नाही!" घंटा तोंड वर करून उभी राहते तिथे तिला अडवायला एक लाकडी दांडी असते. जास्त जोर लावला की दांडी मोडते, घंटा उलटून गरगरते आणि दोर माणसाला घेऊन छताकडे निघतो. क्लाइव्हने दुसऱ्याच आठवड्यात ती मोडली. दोर सोडायचं भान त्याला राहिलं नाही. हेस्टरबाईंनी झेप घेऊन त्याचा पट्टा धरला, म्हणून पँट खाली आली पण माणूसही खाली राहिला. टॅपस्कॉट बहिणी आठवडाभर कुणाकडे बघू शकत नव्हत्या. नवी दांडी हेस्टरबाईंनी स्वतः तासून बसवली, आणि क्लाइव्हला एका शब्दाने टोचलं नाही.

मी डावखुरी. वाजवून झालं की दोर गुंडाळून गाठ मारून ठेवायचा असतो, ती गाठ मला काही केल्या जमेना. शेवटी हेस्टरबाई माझ्यासमोर स्टूल टाकून बसल्या. "माझ्याकडे आरशात बघतेस असं समज, पोरी." दोन वेढे आणि खालून उलटा फास. माझी गाठ सगळ्यांच्या उलट दिशेला बसायची. पण बसायची घट्ट.

त्या स्वतः वाजवायला उभ्या राहिल्या की आधी बूट काढायच्या. जाड मोज्यांनिशी लाकडी फळ्यांच्या जमिनीवर उभ्या. आम्हाला वाटायचं, पायाला कुरूप असेल.

आम्ही तयार झालो तेव्हा त्यांनी मनोऱ्याची किल्ली क्लाइव्हच्या हातावर ठेवली. "कप्तानाला कान लागतात," म्हणाल्या, "माझे गिरणीने घेतले." स्वतःसाठी ठेवली फक्त थोरली घंटा, सहावी, सगळ्यांत जड आणि सगळ्यांत शेवटी वाजणारी. पाचवी क्लाइव्हची. त्याची वाजली की पाठोपाठ थोरली, मग पुन्हा पहिलीपासून. ऐकू येत नसलं तरी त्या डोळ्यांनी दोर बघत वाजवायच्या, आणि अशी बारा वर्षं सुखात गेली.

मग रेडिओवाल्यांचं पत्र आलं. रविवारी सकाळी ते कुठल्या ना कुठल्या गावाच्या घंटा ऐकवतात, तसा त्यांना आमचा आवाज हवा होता. झालं! क्लाइव्हच्या अंगात आलं. कधी नव्हे ते त्याने आमचं वाजवणं बाहेरून ऐकलं, म्हणजे कुणीतरी खाली उभं राहून भरलेल्या टेपवर ऐकलं, आणि तोंड पाडून पबमध्ये आला.

"शेवटाला अडखळतंय," म्हणाला. "थोरली उशिरा पडते. दर चार-पाच फेऱ्यांनी."

"हेस्टरबाई?" रेजी म्हणाला.

"वय झालं रे. अठ्ठ्याहत्तर. त्यात बहिरी."

आम्ही माना हलवल्या. बहिरी आहे म्हणजे चूक तिचीच, यात शंका कसली! एकानेही म्हटलं नाही की आण ती टेप, आम्हालाही ऐकू दे. मीसुद्धा नाही. मी बटाटे सोलत होते.

"मग सांग त्यांना," मी म्हटलं. "एवढ्या वेळेला थोरली रेजीला द्या म्हणावं."

"छे छे! वाईट वाटेल तिला," क्लाइव्ह म्हणाला, आणि कोपऱ्यात ग्लास घेऊन बसलेल्या पाद्रीबुवांनी हात जोडून री ओढली, "दुखवायला नको, दुखवायला नको." हेच ते! आमच्या गावाचा हा जो दुखवायला नको रोग आहे ना, त्याचा मला उभा तिटकारा आहे. तोंडावर खरं बोलायची छाती नाही, म्हणून पाठीमागे सुरी. आणि सुरीलाही वर साखर. त्या आठवड्यापासून हेस्टरबाई समोर आल्या की क्लाइव्ह पाठ फिरवून बोलायला लागला, ओठ दिसू नयेत म्हणून. पाच माणसं एका म्हातारीकडे पाठ करून कुजबुजताहेत! आठवलं तरी थुंकावंसं वाटतं.

तोड त्यानेच काढली. थोरलीचा लोलक बांधून टाकायचा. आतला लोखंडी लोलक घट्ट बांधला की घंटा झुलते, दोर खालीवर होतो, पण आवाज नाही. "ती वाजवेल, तिला कळणारही नाही, आणि रेडिओवर पाच घंटा स्वच्छ येतील. शेवटी जरा श्वास घेतल्यासारखं वाटेल, एवढंच." आणि त्याचा गुडघा दुखत होता. टॅपस्कॉट बहिणींना शिडीची भीती. रेजीला टपाल वाटायचं होतं.

गेले मी. सायकलची जुनी ट्यूब गळ्यात घालून शिडी चढले. वर कावळ्यांनी काटक्यांचा ढीग घातलेला, खाली घोटाभर विष्ठा, कोपऱ्यात मेलेलं पिल्लू किड्यांनी वळवळत होतं. त्या वासात वाकून मी थोरलीच्या तोंडात हात घातला आणि लोलक करकचून बांधला. दोन वेढे आणि खालून उलटा फास. खाली उतरून हात तीन वेळा धुतले. वास गेला नाही.

गुरुवारी अकरा वाजता रेडिओचा माणूस खाली दफनभूमीत यंत्र मांडून बसला. हेस्टरबाई निळा, घरी विणलेला ठेवणीतला स्वेटर घालून आल्या. "काय रे पोरांनो, आज राणीसारखं वाजवायचं!" बूट काढले, कोपऱ्यात नीट ठेवले, दोर धरला.

पहिलीच ओढ. त्यांनी चटकन खाली पायांकडे पाहिलं. मग छताकडे. मग आमच्याकडे, एकेकाच्या तोंडाकडे. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कुरूप वगैरे काही नव्हतं. ती बाई बारा वर्षं पायांनी ऐकत होती. बाराशे पौंडांवर लोलक आदळला की जमिनीच्या फळ्या थरारतात, ते तिच्या तळव्यांना कळायचं. आज तळव्याखाली काहीच नव्हतं.

दोर सोडून त्या निघून गेल्या असत्या तर बरं झालं असतं. नाही गेल्या. बारा मिनिटं, शेवटपर्यंत, मुकी घंटा वाजवत राहिल्या. मी समोरच होते, त्यांचा दोर बघत. एकदाही बोटभर चुकला नाही. गालावरून पाणी वाहत होतं. क्लाइव्ह नंतर म्हणाला, घाम असेल.

मग सगळे खाली रेडिओवाल्याला चहा आणि केक चारायला धावले. हेस्टरबाई वीस मिनिटांनी उतरल्या, स्वेटरला जळमटं लागलेली. संध्याकाळी मी ट्यूब सोडायला वर गेले, तर लोलक मोकळा. ट्यूब नाही. अठ्ठ्याहत्तरीची बाई ती शिडी चढली होती. मला कळलं की त्यांना कळलंय, आणि दहा दिवस मी त्यांच्या दारावरून सायकल जोरात मारत गेले. इतकी भेकड मी!

दहाव्या दिवशी, रविवारी, आमच्या घंटा रेडिओवर लागणार म्हणून चर्चच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं. टेबलावर रेडिओ, भोवती सँडविच. हेस्टरबाई पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी. त्यांना ऐकू येणार नव्हतंच. त्या आमची तोंडं बघायला आल्या होत्या.

घंटा सुरू झाल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि पुढे भोक. पुन्हा. पुन्हा. चौथ्या फेरीला अडखळलं. थोरली तर बांधलेली, मग अडखळलं कोण? पाचवी! पुन्हा चार फेऱ्या, पुन्हा पाचवी लंगडली. आता तिला झाकायला मागे कुणी नव्हतं. उघडीनागडी, सगळ्या देशासमोर लंगडत होती.

क्लाइव्हला उशीर व्हायचा, म्हणून हेस्टरबाई त्याच्यासाठी थांबायच्या. त्या वेळेवर वाजवत्या तर दोन घंटा एकमेकींवर आदळल्या असत्या, आणि कुत्र्यालाही कळलं असतं की चूक कुणाची. त्या थांबायच्या, म्हणून वाटायचं की म्हातारी मागे पडते. बारा वर्षं त्यांनी त्याची पँट अशी वर धरून ठेवली होती.

सगळे कपात बघत होते. टॅपस्कॉटची धाकटी म्हणाली, "सँडविच घ्या ना कुणीतरी." आणि क्लाइव्ह, अगदी नाचता येईना अंगण वाकडं, म्हणाला, "यंत्र जुनं असणार त्यांचं." त्याच्या तोंडाला काकडीचा तुकडा चिकटला होता.

हेस्टरबाई उठल्या. क्लाइव्हकडे वळूनही पाहिलं नाही, सरळ माझ्यापुढे आल्या. पिशवीतून ट्यूब काढून माझ्या बशीशेजारी ठेवली. धुतलेली, पुसलेली. गाठ सोडलीच नव्हती, बाजूला कापून काढली होती.

"उलटी गाठ आहे, पोरी," त्या म्हणाल्या. बहिऱ्या माणसाचा तो चढा आवाज, हॉलभर गेला. "मीच शिकवलेली. नुसतं विचारलं असतंस तर मी दोर सोडला असता."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, वाट बघितली. ओठांतून काही निघालं नाही. मग त्या घरी गेल्या, आणि पुन्हा मनोऱ्याची पायरी चढल्या नाहीत. पुढची चार वर्षं, जाईपर्यंत, रविवारी आम्ही वाजवायला लागलो की त्या बाहेर येऊन मनोऱ्याच्या भिंतीला तळहात लावून उभ्या राहायच्या. थांबलो की जायच्या. मी एकदाही खाली उतरून माफ करा म्हटलं नाही. थोरली कुणीतरी वाजवायला हवी होती ना, ती माझ्याकडे आली.

त्या रेडिओच्या रविवारला आता सतरा वर्षं झाली. मीही बूट काढते. क्लाइव्ह अजून पाचवीवर आहे, अजून दर चार-पाच फेऱ्यांनी उशीर करतो, आणि मी थांबते. थांबले नाही तर दोन्ही घंटा आदळतील, आणि हेस्टरबाईंच्या मनोऱ्यातून तसा आवाज मी जाऊ देणार नाही.

गेल्या बुधवारी मी जिना चढून आत आले, तर क्लाइव्ह नव्या पाद्रीबाईंशी काही बोलत होता. मला पाहिलं आणि त्याने पाठ फिरवली.