रोसेंदाचा शंख

आरागॉनच्या डोंगराळ मुलखातलं हे धरण रोसेंदाच्या आजोबांच्या पिढीनं दगडावर दगड रचून बांधलं. पाणी आधी वीजघराची चाकं फिरवतं, मग कालव्यात उतरतं. वसंतात पहिलं पाणी सुटताना धरणाच्या भिंतीवरून शंख फुंकतात. तो ऐकल्याशिवाय खोऱ्यात कुणीही आपल्या पाटाची पाणी अडवणारी फळी उचलत नाही. हल्ली फोनवर निरोप येतो. सगळे तो वाचतात आणि शंखाची वाट बघत बसतात.

नवरा गेल्यापासून शंख रोसेंदा फुंकायची. शेजारच्या कास्तोचा त्यावर कधीपासून डोळा. यंदा तिचे पुढचे दात गेले, कवळी आली. फुंकर निसटली तर शंख कास्तोकडे जाणार.

आदल्या दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घेतल्या. फुंकलं. नुसती हवा. कवळी वाटीत काढून ठेवली, पुन्हा फुंकलं. जो आवाज निघाला त्याला शेळीसुद्धा लाजली असती. संपलंच, असं म्हणून ती वाटाणे सोलायला बसली.

थोड्या वेळानं दारात कास्तो. खांद्यावर फावडं.

"रोसेंदा, पाणी कुठंय?"

"उद्या आहे ना!"

"मग शंख कशाला फुंकलास? फळ्या उचलून बसलोय सगळे. पिलार तर केसांना रंग लावलेला तशीच शेतावर पळत आली."

खिडक्या बंद होत्या. धुराडं उघडं होतं.

"ऐकू आला?" तिनं हळूच विचारलं.

"पार खालच्या गिरणीपर्यंत! ... अगं, दात कुठं गेले तुझे?"

"वाटीत."

"राहू देत तिथंच. आवाज सुधारलाय."

रोसेंदा इतकी हसली की मांडीवरचे वाटाणे घरभर झाले.

कास्तोनं धरणावर पाणी सोडणाऱ्या नूरियाला फोन लावला, आजच सोडतेस का म्हणून. हुकूम उद्याचाच आहे, ती म्हणाली, आणि हसत सुटली. मग कोरड्या पाटाच्या काठावरच उद्याची वाईन आज उघडली गेली. पिलारचे केस उन्हात नारिंगी झाले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर उभं राहून रोसेंदानं सगळ्यांदेखत कवळी काढली आणि कास्तोच्या तळहातावर ठेवली.

"नीट धर रे. महाग आहे."

तिनं शंख तोंडाला लावला. कास्तो दात सांभाळत उभा राहिला. खाली पाणी निघालं.