आरमोरी ते टोरंटो, माइल्सवर

ब्रह्मपुरी सोडलं की दोन्ही बाजूंना बांध्या (भातखाचरं) सुरू होतात आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा संपून गडचिरोली लागतो. एसटीत उभा होतो, तरी स्वारी जाम खुशीत होती. पंप विकण्यासाठी कंपनीनं मला वीस वर्षं परदेशात हिंडवलं. त्या प्रवासाचे माइल्स विमान कंपनीकडे साठले होते आणि त्यांवर फुकट तिकीट काढून थोरल्या बहिणीला, म्हणजे बाईला, टोरंटोला धाडायचं होतं. तिची लेक अश्विनी तिथे एकटीच, नवरा जहाजावर, पहिलं बाळंतपण महिन्याभरावर. विकतचं तिकीट आम्हा दोघांच्याही आवाक्याबाहेरचं होतं.

बाईनं नवीन घर बांधलंय, ते मी पाहिलं नव्हतं. आरमोरीच्या स्टँडवरच्या पानवाल्याला विचारलं, "शशिकलाबाईंचं घर कुठे?"

"शशिकला? अशी तं कोणी नाई इथी, भाऊ."

"टोरंटोच्या अश्विनीची आई."

"मंग सुनीताबाई म्हना ना. शाळेच्या मागं जा."

मला हसू आलं. लग्नात बाईचं नाव बदललं होतं, हे मी विसरूनच गेलो होतो. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि पुढे तिला बाईशिवाय दुसरं काही म्हणालोच नाही.

जेवायला लाखोळीची डाळ (इकडची चपटी, पिवळी डाळ), भात आणि वांग्याची भाजी होती. दाराशी पिशवी भरून तयार. तिच्यात डिंकाचे लाडू, बाळाची झबली आणि ओवा. व्हिसा आला त्याच दिवशी तिनं ती भरली होती. हात पुसत ती माझ्याजवळ बसली आणि मी ऐटीत लॅपटॉप उघडला.

नियम साधा होता. माझ्या माइल्सवर तिकीट काढायचं तर आधीपासून नोंदवलेल्या नातेवाइकाचंच निघतं, आणि एकदा नोंदवलेलं माणूस सहा महिने बदलता येत नाही. नोंद मी दोन महिन्यांपूर्वीच केली होती, सवयीनं, माहेरच्या नावानं: शशिकला, पुढे आमच्या वडिलांचं नाव. आता बाईनं पासपोर्ट पुढे केला. त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सासरचं नाव.

विमान कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार अदबीनं बोलत होती. "सर, एखादं अक्षर चुकलं असतं तर दुरुस्त केलं असतं. इथे संपूर्ण नाव वेगळं आहे. आमच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत."

"अहो, लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहिलं. माणूस तेच आहे."

"त्याचा काही कागद आहे का, सर?"

कागद कुठला? त्या तांदळाचा चाळीस वर्षांपूर्वीच भात झाला असेल. लग्नाचा दाखला त्या काळी कुणी काढला नव्हता. विमानांचे नियम मला तोंडपाठ आहेत, अशी घमेंड होती. पण सख्ख्या बहिणीचं नाव मला ठाऊक नव्हतं.

बाई रडली नाही. पडद्यावरच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "हे नाव अजून तुया ध्यानात हाये? मले वाटलं, कोणालेच आठोत नसंल."

मग तिनं पासपोर्ट मिटून बाजूला ठेवला.

"तुले तं देते ना तिकीट? तुया नावानं?"

"मला देतील. कंपनीच्या कामासाठी काढलेला व्हिसाही आहे. पण बाळंतपणात मी काय करू?"

"काऊन? मामा बी माहेरचाच माणूस. पाय लांब कर."

मी जमिनीवर पाय पसरले. तिनं टॉवेलची गुंडाळी माझ्या पायांवर पालथी ठेवली आणि तान्ह्याला न्हाऊ कसं घालायचं ते दिवेलागणीपर्यंत शिकवत राहिली. माझा हात जड पडला की चापट मारी. "टाळू हाये ते. पंप नाई."

सकाळी परत निघालो. पिशवी माझ्या मांडीवर, बाई स्टँडवर. ब्रह्मपुरी आली तसं मोबाइलवर तिकीट काढलं. लगेच निघालं, कुणी काही विचारलं नाही. जन्मल्यावर ठेवलेलं नाव त्यावर जसंच्या तसं होतं. ते मला कधी कुणी बदलायलाच लावलं नव्हतं.