सहा नंबरच्या भिंतीतला जिना

आमच्या इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात नकाशे काढणारी मुलगी मी एकटीच. चोपड्याहून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून आले होते, धुळ्यात मामाकडे राहत होते. एकोणनव्वद-नव्वदचा सुमार असेल. साहेब मला बाहेरच्या कामाला सहसा पाठवत नसत. साइटवर मुलगी कुठे पाठवायची, हा त्यांचा प्रश्न. त्या दिवशी मात्र बाकीचे दोघेही एका लग्नाला गेले होते, म्हणून टेप माझ्या हातात आली.

"आग्रा रोडच्या आतल्या बाजूचं ते जुनं हॉटेल माहीत आहे ना? मालकाला लिफ्ट बसवायचीय. नगरपालिका इमारतीचा नकाशा मागतेय आणि नकाशा कुणाकडेच नाही. माप घेऊन ये."

हॉटेल मी रोज बाहेरून बघत होते. काळ्या दगडाचं कमरेइतकं उंच जोतं, वर विटांच्या कमानी, कमानींवर लाल-निळ्या काचांच्या चंद्रकोरी, पहिल्या मजल्यावर चारी बाजूंनी फिरणारा सज्जा आणि त्याला बिडाचा नक्षीदार कठडा. सर्वांत वर माळा आणि मंगलोरी कौलं. कापसाच्या हंगामात लांबलांबून येणाऱ्या व्यापाऱ्यांना उतरायला जागा हवी म्हणून मालकाच्या आजोबांनी ते बांधलं होतं. सागवान सातपुड्याचं, कठडा मुंबईचा.

टेपचं दुसरं टोक धरायला मॅनेजर आले. त्यांना सगळे नाना म्हणत. टोपी, काळा कोट, कानामागे पेन्सिल. नानांना हॉटेलचा इतिहास तोंडपाठ होता, पण तो समोरच्या माणसाप्रमाणे बदलायचा. माझ्यादेखत त्यांनी पंप विकणाऱ्या एका एजंटाला, तो खोली सोडत असताना, सांगितलं, "खानदेशात पहिला पंप विकणारा साहेब तुमच्याच खोलीत उतरला होता." थोड्या वेळानं एक मास्तर आले, तर त्याच खोलीत एक मोठे शिक्षणाधिकारी राहून गेलेले निघाले. मी नुसती बघत राहिले, तर म्हणाले, "अगं, माणूस लांबून येतो. त्याला बरं वाटायला नको?"

सहा नंबरच्या खोलीपाशी मात्र नाना गप्प झाले.

"हिचा काय इतिहास?"

"हिचा नाही. हिचं माप पटकन घे."

मग चहा पिताना त्यांनी हळूच सांगितलं. सहा नंबरच्या भिंतीत बाई रडते. आता नाही रडत. फार पूर्वी रडायची. म्हणून मोठ्या शेठनी, म्हणजे ज्यांनी हॉटेल बांधलं त्यांनी, काहीतरी बांधकाम करून तिचा बंदोबस्त केला. नाना तेव्हा इथे नव्हते, पण ऐकून होते. तरी ती खोली ते शेवटी देत, आणि फक्त परगावच्या माणसाला देत.

संध्याकाळी ऑफिसात बेरीज केली. इमारत बाहेरून अडुसष्ट फूट. आतून खोल्या आणि भिंती मिळून साडेत्रेसष्ट. साडेचार फूट कुठे गेले?

"टेप ढिली धरली असशील," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परत गेले. टेप इतकी ताणली की नाना कठड्याला धरून उभे राहिले. साडेचार फूट नव्हतेच. तिसऱ्या दिवशी खालून, स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. स्वयंपाकघरात त्या वेळी भरताची वांगी भाजत होती, धुरानं माझे डोळे चुरचुरत होते, आणि बेरीज तिथंही तीच आली. आता साहेबांना काय सांगायचं, म्हणून मी मागच्या अंगणात येऊन रडवेल्या तोंडानं वही बघत बसले.

हॉटेलच्या मागेच मालकांचं घर. ओट्यावर मालकांची आई बसली होती. सत्तरीच्या पुढची, बारीक, कपाळावर ठसठशीत गोंदण. त्यांना सगळे अक्का म्हणत.

"काय मोजी ऱ्हायनी वं बेटा, तीन दिवसपाशीन?"

मी सांगितलं, हिशेब जुळवायचा तर सहा नंबरची भिंत साडेचार फूट जाड धरावी लागतेय, अशी भिंत तर किल्ल्याची असते.

अक्का जराही न हलता म्हणाल्या, "भीत नई शे ती. जिना शे."

अक्का अहिराणीतच बोलत. पुढचं मी माझ्या मराठीत सांगते.

स्वयंपाकघरातून थेट माळ्यावर जाणारा तो जिना अक्कांच्या सासऱ्यांनी, म्हणजे मोठ्या शेठनी, घरच्या बायकांसाठीच बांधला होता. पापड-कुरडया वाळवायला वर जायचं, तर पाहुण्या व्यापाऱ्यांच्या समोरून कशाला, म्हणून. माळ्याला मागे एक लहान खिडकी होती. हॉटेलमागे तेव्हा मोकळं मैदान. एका हिवाळ्यात तिथं तंबूतला सिनेमा आला. तंबूला वर छप्पर नव्हतं आणि पडदा नेमका खिडकीकडे पाठ करून.

"म्हणजे तुम्ही सिनेमा मागून बघायच्या?"

"मागून तर मागून. दिसायचा ना."

सासू, अक्का आणि धाकटी जाऊ. पुरुषांची जेवणं उरकली की तिघी शेंगा घेऊन वर. सगळं उलटं दिसायचं. माणसं डाव्या हातानं जेवायची, डाव्या हातानं तलवार चालवायची. अक्का तेव्हा नवऱ्याकडून अक्षरं शिकत होत्या. पडद्यावरची अक्षरं काही केल्या लागेनात, तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की सिनेमाची भाषाच वेगळी असते. पुढं कित्येक वर्षांनी त्या थिएटरात बसून समोरून सिनेमा बघायला गेल्या, तर त्यांना तोच चुकीचा वाटला. नटाचा भांगच भलत्या बाजूला!

खिडकीत दोघींपुरतीच जागा. तिसरी जिन्याच्या पायरीवर बसून वाट बघायची आणि वरून ऐकू येणाऱ्या संवादांवर रडायची. पायरीच्या पलीकडे सहा नंबरची खोली. एका दलालानं पहाटेच बिछाना गुंडाळला. भिंतीत बाई रडते, म्हणाला. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. मग सासऱ्यांनी एक मांत्रिक बोलावला. तो लिंबू कापून मोठमोठ्यानं ओरडायला लागला, तशा गंमत ऐकायला पायरीवर बसलेल्या या तिघींना हसू आवरेना. भिंत आता हसायला लागली, म्हणून मांत्रिक नारळ टाकून पळाला.

"मग?"

"मग मामंजी स्वतः झोपायला गेले सहा नंबरात." अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "आणि सासूबाईंना खोकला झाला होता."

बायकोचा खोकला कोण ओळखणार नाही? सासरे कुणाला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि जिन्याची वरची-खालची दोन्ही दारं विटांनी बंद झाली. घरच्या बायका चोरून सिनेमा बघतात हे गावाला कळण्यापेक्षा भूत परवडलं. म्हणून भूत राहिलं आणि जिना गेला.

मी वही घेऊन धावतच मालकांकडे गेले. शेठ पन्नाशीचे, अंगानं भारी, घाईचे. त्यांनी गोष्ट नीट ऐकलीच नाही. साडेचार फूट तेवढे ऐकले. "अरे वा! म्हणजे लिफ्टसाठीच जागा ठेवलीय की आजोबांनी!"

दोन दिवसांनी गवंड्यानं स्वयंपाकघरातली मांडणी सरकवून भिंत फोडली. आत अंधार, कोंदट वास, आणि सागवानी पायऱ्या वर वर जाणाऱ्या. हातानं दाबून पाहिल्या तर घट्ट, एकही कुरकुरली नाही. कोपऱ्यात शेंगांची टरफलं अजून पडलेली. नाना बॅटरी धरून दारातच थांबले. "आधी तू हो पुढे," मला म्हणाले.

तेवढ्यात अक्का आल्या आणि कुणाला न विचारता चढायला लागल्या. एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्यावर. दर चार पायऱ्यांना थांबायच्या, पण मागे वळायला तयार नव्हत्या. "बठ्ठं तसंच शे," सगळं तसंच आहे, एवढंच पुटपुटायच्या. वरची भिंत गवंड्यानं फोडली, खिडकीची झडप मी दोन्ही हातांनी ओढली. बाहेर मैदान नव्हतंच. एका दुकानाची मागची भिंत, पाण्याची टाकी आणि टीव्हीचे अँटेना. अक्का तरीही बराच वेळ बघत राहिल्या.

खाली शेठ लिफ्टवाल्याला माप दाखवत उभे होते. अक्का शेवटच्या पायरीवर बसल्या.

"तुझ्या आजोबांनी एकदा बंद केला," त्या मुलाला म्हणाल्या. "आता तू कर दुसऱ्यांदा. मी इथंच बसलीय."

एवढे भारदस्त शेठ, पण टेप गुंडाळताना शाळकरी दिसले. "कोण बंद करतंय, अक्का? मी नुसतं मोजत होतो."

लिफ्ट मागच्या बाजूला, विहिरीकडच्या अंगाला गेली. मला सगळे नकाशे पुन्हा काढावे लागले. साहेब धुसफुसले, पण नंतर म्हणाले, "टेप ढिली नव्हती तुझी." त्यानंतर साइटवर जायला मला कुणाच्या लग्नाची वाट बघावी लागली नाही. नगरपालिकेतल्या बाबूंनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "हा जिना कशासाठी?" मी घाबरून म्हणाले, "पापड वाळवायला." त्यांनी मान हलवून शिक्का मारला.

नाना दोन दिवस रुसले होते. इतक्या वर्षांचं भूत हातचं गेलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र सहा नंबरची खोली ते आधी द्यायला लागले, आणि आठवड्याभरात त्यांच्या गोष्टीत तो जिना त्यांनी स्वतःच शोधला होता.

पुढल्या महिन्यात अक्कांची ती धाकटी जाऊ शिरपूरहून एसटीनं आली. तीही आता म्हातारी. दोघी जिन्यात बसल्या आणि भांडायला लागल्या. जिना बंद झाला त्याच्या आदल्या दिवशी पाहिलेल्या सिनेमात राजपुत्र शेवटी मरतो की नाही, यावर. खिडकीत कोण होतं आणि पायरीवर कोण, हेही दोघींना वेगवेगळं आठवत होतं. अक्का म्हणायच्या मरतो. जाऊ म्हणायची, "तू कुठे बघितलंस? तू खाली बसून रडत होतीस!" मी, नाना, स्वयंपाकी सगळे दारात उभे राहून ऐकत होतो. जाऊबाई चार दिवस राहायचं म्हणून आल्या होत्या, त्याच संध्याकाळी फुरंगटून गाडीत बसल्या.

आठ दिवसांनी परत आल्या. या खेपेला पंधरा दिवस राहिल्या.